ध्रुवीय ढगांत काय पाठवावं: पार्टिकल काउंटर की बॅकस्कॅटर सॉन्ड?

ध्रुवीय हिवाळ्यात १५ ते २५ किमी उंचीवर तयार होणारे ढग फुगा पाठवून अभ्यासायचे ठरले, की बाकी सगळ्याच्या आधी एक निवड करावी लागते. फुग्याखाली पार्टिकल काउंटर टांगायचा की बॅकस्कॅटर सॉन्ड? पहिला हवा आत ओढतो आणि तिच्यातला एकेक कण प्रकाशाच्या झोतातून नेऊन मोजतो. दुसरा काहीच आत घेत नाही. भोवतालच्या अंधारात प्रकाश टाकतो आणि त्यातला किती परत येतो तेवढं टिपतो. दोन्हींवर मी काम केलं आहे, उत्तर स्कँडिनेव्हियातल्या थंडीत दोन्ही स्वतः बांधून सोडले आहेत. या कामात नव्याने येणारे लोक हा प्रश्न हमखास विचारतात, म्हणून माझं मत एकदा सविस्तर लिहून ठेवतो. ते एका लहान गटाच्या अनुभवावर उभं आहे, हे ध्यानात ठेवूनच वाचावं.

ओझोनच्या छिद्राशी या ढगांचं नातं काय, आणि नायट्रिक आम्लाचे ट्रायहायड्रेट स्फटिक म्हणजे नॅट, द्रवरूप थेंब म्हणजे एसटीएस आणि साधा बर्फ हे त्यांचे तीन प्रकार, एवढं तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. उन्हाळ्यात ८३ किमीच्या आसपास चमकणारे मध्यांबरातले ढग हा वेगळा विषय. तिथवर फुगा पोहोचतच नाही, त्यांच्याकडे खालून बघावं लागतं. जुलै २०१८ मध्ये स्वीडनमधल्या एसरेंज तळाहून सुटलेल्या ‘पीएमसी टर्बो’ या फुग्याने ३८ किमीवर तरंगत, सात कॅमेरे आणि एक लिडार (लेसरचा झोत टाकून परत येणारा प्रकाश मोजणारं यंत्र) घेऊन, कॅनडाच्या उत्तर भागापर्यंत जाताना नेमकं तेच केलं. आपले ढग मात्र फुग्याच्या वाटेतच लागतात. फुगा त्यांच्या आरपार जातो. म्हणूनच कणाला हात लावायचा की त्याला नुसतं पाहायचं, हा प्रश्न इथे उभा राहतो.

काउंटरची बाजू आधी मांडतो, कारण ती खरोखर भक्कम आहे.

ढगातल्या कणांच्या पृष्ठभागावर ओझोन खाणारा क्लोरीन मोकळा होतो, तेव्हा हिशोबात हवं असतं ते दर घनसेंटीमीटर हवेमागे कणांचं एकूण पृष्ठफळ. ते काढायला कण किती आणि कोणत्या आकाराचे, ही माहिती लागते आणि काउंटर ती सरळ हातात देतो. वायोमिंग विद्यापीठाच्या गटाने १९७१ पासून लॅरमीहून आणि पुढे ऐंशीच्या दशकापासून अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डोहून असे काउंटर सोडत जी मोजमापांची मालिका उभी केली, तिला आजही तोड नाही. स्थितांबरातल्या, म्हणजे हे ढग होतात त्या थरातल्या, कणांच्या आकारांविषयी आपण जे बोलतो, त्याचा मोठा भाग त्या मालिकेवर उभा आहे. एका चांगल्या उड्डाणात आलेखावर दोन उंचवटे वेगवेगळे दिसतात: डावीकडे असंख्य बारीक थेंब, उजवीकडे मोजके मोठे स्फटिक. मिश्र ढग इतका स्वच्छ सोडवून दाखवणं बॅकस्कॅटर सॉन्डला जमत नाही. त्याच्याकडे परत येतो तो सगळ्यांचा मिळून एकच प्रकाश.

कणाला हात लावण्याची ताकद किती आहे हे बघायचं तर जानेवारी २००० मधलं उत्तर स्वीडनमधल्या किरुनाचं उड्डाण आठवावं. हायडेलबर्गच्या माक्स प्लांक संस्थेचा मास स्पेक्ट्रोमीटर मोठ्या फुग्याखाली ढगात गेला, कण आत घेतले, त्यांची वाफ केली आणि पाण्याचे व नायट्रिक आम्लाचे रेणू मोजले. गुणोत्तर तीनास एक आलं. नॅट खरोखर आकाशात असतं याचा तो थेट पुरावा होता. त्याआधी कित्येक वर्षं ते प्रयोगशाळेतल्या मोजमापांवरून आणि लिडारच्या खुणांवरून गृहीत धरलं जात होतं. हे काम नुसता प्रकाश टाकून कधीच झालं नसतं. पण त्यासाठी भली मोठी गोंडोला, म्हणजे फुग्याखाली टांगलेला यंत्रांचा सांगाडा, लागली, मोठा फुगा लागला आणि मोठी फौज लागली. आपण इथे बोलतोय ते दोन-चार माणसांच्या गटाला जमेल अशा उड्डाणांबद्दल.

तशा उड्डाणांसाठी आता हलके काउंटर मिळतात. फ्रान्समधला ‘लोॲक’ किंवा अमेरिकेच्या नोआ या हवामान-समुद्र संस्थेत तयार झालेला ‘पॉप्स’ हवामान खात्याच्या नेहमीच्या फुग्यावर जाऊ शकतात. कागदावर बघितलं तर प्रश्न इथेच मिटायला हवा: तेच मोजमाप, वजन किलोच्या आसपास, मोठी गोंडोला नको. साध्या स्थितांबरी एरोसोलसाठी, म्हणजे हवेत तरंगणाऱ्या बारीक कणांसाठी, ज्वालामुखीच्या ढगासाठी, वणव्याच्या धुरासाठी ते खरंच उत्तम आहेत. ध्रुवीय ढगात मात्र दोन अडचणी येतात. पहिली गणिताची आहे, दुसरी पंपाची.

गणित थोडक्यात सांगतो. १९९९-२००० च्या हिवाळ्यात उंचावरून उडणाऱ्या ईआर-२ या संशोधन विमानाच्या उड्डाणांमध्ये नॅटचे जे मोठे कण सापडले, ज्यांना या क्षेत्रात ‘नॅट रॉक्स’ म्हणतात, त्यांचा व्यास १० ते २० मायक्रॉन आणि संख्या दर घनसेंटीमीटरला साधारण एक दशसहस्रांश. म्हणजे दहा लिटर हवेत एक कण. स्थितांबरातून नायट्रोजन खाली वाहून नेणारे हेच, त्यामुळे ते दिसणं महत्त्वाचं. मिनिटाला दहा लिटर ओढणाऱ्या मोठ्या काउंटरलाही मिनिटाला एकच असा कण भेटणार. फुगा सेकंदाला पाच मीटर चढत असेल, तर दर ३०० मीटरमागे एक. तीन किमी जाडीच्या थरात दहा कण. दहा कणांवरून उंचीनुसार बदल काढायचा म्हणजे अंदाजच बांधायचा. मिनिटाला पाव लिटरही न ओढणाऱ्या हलक्या काउंटरला तो एक कण भेटायला पाऊण तास लागेल. तोवर फुगा ढग ओलांडून गेलेला असतो. त्यातही काही हलक्या काउंटरांची मापनकक्षा दोन-तीन मायक्रॉनलाच संपते, त्यामुळे तो कण भेटला तरी नीट मापला जाणार नाही.

आता तोच थर बॅकस्कॅटर सॉन्डच्या बाजूने बघा. त्याच्यापुढे काही मीटर अंतरापर्यंतची हवा उजळलेली असते आणि एका घनमीटर हवेत असे शंभर कण असतात. धुक्यात टॉर्च मारल्यावर थेंब मोजता येत नाहीत, पण धुकं किती दाट आहे ते चटकन कळतं, तसंच हे. शिवाय तो दोन रंगांत बघतो. झुरिकच्या ईटीएचमध्ये विकसित झालेला ‘कोबाल्ड’ घ्या: वजन अर्धा किलोच्या आसपास, एक एलईडी ४५५ नॅनोमीटरचा निळा, दुसरा ९४० चा इन्फ्रारेड. हवेच्या रेणूंचं विकिरण तरंगलांबीच्या चौथ्या घातानुसार घटतं, म्हणजे इन्फ्रारेडमध्ये ते निळ्याच्या जवळपास अठरावा भाग उरतं. त्या मंद पार्श्वभूमीवर मोजके मोठे कणही उठून दिसतात. निळ्यात ते जवळजवळ हरवतात. आलेखावरच्या दोन रंगांच्या दोन रेघांमधली ही तफावतच सांगते की इथले कण मोठे आहेत. बारीक एसटीएस थेंबांचा ढग आला की दोन्ही रेघा एकत्र उचलल्या जातात. सवय झाली की उड्डाण चालू असताना पडद्यावर रेघा चढताना पाहूनच ढगाची जात बऱ्यापैकी ओळखता येते. अर्थात ओळखता येणं वेगळं आणि सिद्ध करता येणं वेगळं, ते पुढे येईलच.

इथपर्यंत तरी मी तटस्थ राहू शकलो असतो. मला एका बाजूला ढकललं ते पंपाने.

काउंटरमध्ये कणसंख्या म्हणजे भागाकार. वर मोजलेले कण, खाली ओढलेली हवा. कण मोजण्याचं काम प्रकाश आणि इलेक्ट्रॉनिक्स चोख करतात. खालचा आकडा मात्र पंपावर अवलंबून. जमिनीवर तो नीट मापता येतो. पण २० किमीवर दाब ५० हेक्टोपास्कलच्या आसपास उतरलेला असतो आणि बाहेरचं तापमान उणे ८० अंशांच्या खाली. अशा विरळ, थंड हवेत पंप जमिनीवर ओढतो तेवढं ओढत नाही. ओझोनसॉन्ड, म्हणजे पंपाने हवा ओढून ओझोन मोजणारं फुग्यावरचं यंत्र, सोडणाऱ्यांना ही कटकट पाठ आहे. त्यांच्याकडे दाबानुसार पंपाची क्षमता किती घटते याचे तक्ते असतात आणि प्रत्येक उड्डाणाला ते लावले जातात. काउंटरलाही तसा तक्ता करता येतो, आम्हीही केला. निर्वात कक्षात दाब कमी केला तर आलेख गुळगुळीत येतो आणि जिवाला बरं वाटतं. मग त्याच पंपाला थंडी द्यावी. आधी आवाजातला सूर किंचित उतरतो, मग एक बारीक खरखर सुरू होते, मग फेरे कधी जरा वाढतात, कधी पुन्हा घटतात. वंगण घट्ट होतं, बॅटरीचं व्होल्टेज पडतं, पाती जड होतात. दोन पंप एकसारखे वागत नाहीत. तोच पंप दोन रात्री एकसारखा वागेल याचीही खात्री मला कधी वाटली नाही.

नुसती चूक असती तरी चाललं असतं. चूक सगळ्याच यंत्रांत असते. खुपणारी गोष्ट अशी की ही चूक ढगाच्या बरोबरीने येते. ध्रुवीय ढग असतो तो सर्वांत थंड थरात. पंप मंदावतो तोही तिथेच. एका उड्डाणात ढगाच्या गाभ्यात कणसंख्या घटलेली दिसली. त्याला एक सुंदर भौतिक कारण होतं: मोठे कण गळून खाली गेले असतील आणि त्या थरातलं नायट्रिक आम्ल घेऊन गेले असतील. त्याला एक कंटाळवाणं यांत्रिक कारणही होतं: पंप तिथे कमी हवा ओढत होता. आलेखावर दोन्ही एकसारखे दिसतात. पंपाचा विद्युत्प्रवाह नोंदलेला होता, तो थोडा वाढलेला दिसत होता, पण त्यावरून हवा नेमकी किती कमी झाली हे ठामपणे सांगता येत नव्हतं. आम्ही त्यावर बराच काळ खल केला आणि शेवटी तो थर निष्कर्षांतून वगळला. ज्या थरासाठी एवढा खटाटोप केला, तोच वगळावा लागला, याची चुटपुट मला अजून आहे.

यावर सरळ उपाय सुचतो: पंप उबेत ठेवा. फोमच्या जाड डब्यात सगळं बंद करा, बॅटरीची ऊब आत राहू द्या. पंप खूश होतो. पण मग बाहेर उणे ८५ अंशांत असलेला कण नळीतून उणे २० च्या डब्यात शिरतो. एसटीएसचा थेंब तापमानाला कमालीचा हळवा असतो. दोन-चार अंश खाली गेलं की तो भोवतालचं नायट्रिक आम्ल आणि पाणी शोषून कित्येक पटींनी फुगतो, आणि उलट दिशेने तितक्याच तत्परतेने आटतो. बर्फाचा कणही ऊब मिळाली की झिजू लागतो. नॅट त्या मानाने सावकाश जातं. कण झोतापर्यंत पोहोचायला सेकंदाचा लहानसा अंशच लागतो आणि अनुभवी गट ती वाट शक्य तितकी आखूड ठेवतात, हे मान्य. वायोमिंगच्या काउंटरांबाबत हा परिणाम आटोक्यात ठेवलेला आहे, असंच माझंही मत आहे. पण हलक्या, आटोपशीर यंत्रात नळीला वळण असतं, हवा सावकाश वाहते, आणि तिथे मला तितकी खात्री वाटत नाही. म्हणजे पंप थंड ठेवला तर हवा किती ते कळत नाही, उबदार ठेवला तर कण केवढा होता ते कळत नाही. दोन्ही उपाय एकमेकांच्या पायात येतात. त्यात नळीच्या तोंडाशी हवेचा वेग फुग्याच्या चढण्याच्या वेगाशी जुळला नाही, तर मोठे कण त्यांच्या जडत्वामुळे प्रमाणापेक्षा जास्त किंवा कमी आत येतात, ही भर.

बॅकस्कॅटर सॉन्डमध्ये हा सगळा अध्याय नाही. पंप नाही, नळी नाही. कण जिथे आहे तिथेच, त्याच्या तापमानात, त्याच्या आकारात राहतो. एलईडीची चमक थंडीत बदलते हे खरं, आणि म्हणून तिच्यावर नजर ठेवणारा वेगळा डायोड आत असतो. पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते असं की या यंत्राचा मापदंड त्याच्या भोवतीच पसरलेला असतो. दाब आणि तापमान माहीत असलं की स्वच्छ हवेच्या रेणूंनी किती प्रकाश परतवायला हवा हे गणिताने निघतं. ढगाच्या वर किंवा खाली स्वच्छ थर लागला की मापन तिथे ताडून बघता येतं. दिवा बिघडला असेल तर तो स्वच्छ हवेतही बिघडलेलाच दिसेल, फक्त ढगात शिरल्यावर खोटं बोलणार नाही. पंपाच्या बाबतीत असा साक्षीदार कुठेच नसतो. माझ्या लेखी पारडं झुकतं ते इथे.

आता या सॉन्डच्या त्रुटी, आणि त्या लहान नाहीत.

पहिली अंधाराची. सूर्यप्रकाशात तो आंधळा असतो. डिसेंबर-जानेवारीत उत्तर ध्रुवाकडे काही अडत नाही. अंटार्क्टिकात मात्र ढगांचा हंगाम जूनपासून सप्टेंबरपर्यंत असतो आणि ओझोन घटण्याचा सर्वांत रंजक काळ सूर्य परतल्यानंतरचा. तेव्हा रात्रीच सोडावा लागतो. इथे नवख्यांना एक गोष्ट आवर्जून सांगतो: जमिनीवर अंधार पडला म्हणजे वरही पडला असं नाही. २५ किमीवरून क्षितिज सुमारे पाच अंश खाली दिसतं, त्यामुळे तिथे सूर्य उशिरा मावळतो आणि लवकर उगवतो. सोडण्याची वेळ वरच्या अंधारावरून ठरवा. काउंटरला हे कसलंच बंधन नाही, भर दुपारीही तो तितकाच चांगला चालतो.

दुसरी त्रुटी अर्थ लावण्याची. परत आलेल्या प्रकाशातून आकार आणि संख्या काढायची तर कणांच्या रूपाबद्दल काही गृहीत धरावं लागतं. थेंब गोल असतो, तिथे गोल कणांवरून प्रकाश कसा विखुरतो हे सांगणारा गुस्टाफ मी यांचा सिद्धांत बिनघोर लावता येतो. नॅटचे आणि बर्फाचे स्फटिक गोल नसतात. त्यांचा नेमका आकार कसा, यावर सगळं गणित हलतं. ध्रुवीभवन, म्हणजे परतलेल्या प्रकाशाच्या कंपनाची दिशा, हाही हा सॉन्ड मोजत नाही, त्यामुळे घन की द्रव हे सरळ सांगता येत नाही. ते काम जमिनीवरचे लिडार करतात, आणि २००६ ते २०२३ या काळात कॅलिप्सो उपग्रहाने अवकाशातून केलं. दाट एसटीएस ढगात थोडं नॅट मिसळलेलं असेल तर त्याचा पत्ता लागणं कठीण. पृष्ठफळाचा आकडा ज्यांना थेट रासायनिक मॉडेलमध्ये घालायचा आहे, त्यांना ही अनिश्चितता बोचेल आणि त्यांचं बोचणं रास्त आहे.

तिसरी, स्वच्छ थर मिळण्याची. मी वर ज्या मापदंडाचं कौतुक केलं तो मोठ्या ज्वालामुखीनंतर काही काळ हरवतो. जून १९९१ मध्ये पिनाटुबो फुटल्यावर स्थितांबराचा मोठा भाग गंधकाम्लाच्या थेंबांनी भरून गेला होता. अशा वर्षी स्वच्छ हवा गाठायला फुगा बराच वर जावा लागतो. आणि ध्रुवीय रात्रीत फुगा वर जाणं हाच एक मोठा प्रश्न असतो. रबरी फुगा त्या थंडीत कडक होतो आणि ढगाच्या मध्यावरच फुटू शकतो. कुठे त्याला आधी तेलातून काढतात, कुठे ऊब देतात, आणि दक्षिण ध्रुवावर ओझोनसॉन्डसाठी हिवाळ्यात सरळ पातळ प्लास्टिकचे फुगेच वापरतात. यंत्र कोणतंही निवडा, फुग्यावरचा हा खर्च वाचवू नका.

परत मिळण्याचा मुद्दाही आहे. हिवाळ्यातल्या ध्रुवीय भोवऱ्याचे वारे फुग्याला बघता बघता दूर नेतात आणि यंत्र अंधारात, बर्फावर किंवा समुद्रात पडतं. काउंटर गेला तर त्याच्याबरोबर त्याचा खास तक्ताही जातो, नव्या पंपासाठी सगळं कॅलिब्रेशन पुन्हा करावं लागतं. सॉन्ड गेला तर हळहळ वाटते, पण पुढच्या रात्री दुसरा बांधता येतो. आणि ढगांसाठी हेच मला महत्त्वाचं वाटतं. किरुनाच्या पश्चिमेला स्कँडिनेव्हियाचे पर्वत आहेत. त्यांच्यावरून वाहणाऱ्या वाऱ्यात लहरी उठल्या की वरची हवा काही तासांत कित्येक अंशांनी थंड होते आणि नुसत्या एसटीएसच्या जागी बर्फाचा ढग उभा राहतो. असा ढग पकडायचा तर हवामानाचा अंदाज आल्यावर लगेच, आणि जमलं तर लागोपाठ दोन-तीन फुगे सोडता यायला हवेत. काउंटरच्या तयारीला जितका वेळ लागतो, तितका वेळ तो ढग थांबत नाही.

काउंटर कोणी घ्यावा? ज्यांचा फुगा तरंगत राहणार आहे त्यांनी नक्की. सप्टेंबर २०१० मधल्या काँकॉर्डियासी मोहिमेत मॅकमर्डोहून सोडलेल्या काही अतिदाब फुग्यांवर (एकाच उंचीवर तरंगत राहणाऱ्या बंद फुग्यांवर) काउंटर होते. ते एकाच उंचीवर हवेबरोबर वाहत राहिले आणि तासन् तास त्याच हवेत नॅटचे कण तयार होताना मोजत गेले. तिथे माझं दहा लिटरचं गणित गळून पडतं, कारण हवी तेवढी हवा ओढायला वेळ असतो. तापमान फारसं बदलत नाही, त्यामुळे पंपही एका चालीत राहतो. चढण्याचा वेग नसल्याने नळीच्या तोंडाची भानगडही कमी होते. असं उड्डाण माझ्या वाट्याला आलं तर मीही बिनदिक्कत काउंटरच मागेन. ज्यांना ढगापेक्षा ढग नसतानाचं मूळ एरोसोल मोजायचं आहे, त्यांनीही तोच घ्यावा.

पण लहान गट, चढत जाणारा साधा फुगा, ढगाच्या आरपार पंधरा-वीस मिनिटांचा प्रवास आणि हिवाळ्यात जमतील तेवढी उड्डाणं, असं चित्र असेल तर मी बॅकस्कॅटर सॉन्ड घेईन. त्याच्या सोबत दाब-तापमान मोजून रेडिओने कळवणारा चांगला रेडिओसॉन्ड, आणि परवडत असेल तर बाष्प मोजणारा फ्रॉस्ट पॉइंट हायग्रोमीटर. तापमान आणि बाष्प नेमकं कळलं तर नॅट आणि बर्फ कोणत्या उंचीवर टिकू शकतात ते निघतं, आणि दोन रंगांच्या रेघांचा अर्थ लावणं पुष्कळ सोपं होतं. यंत्रावरचा पैसा थोडा कमी करून तो तापमानाच्या मापनावर घाला, असंही मी सुचवेन. एका अंशाची चूक इथे फार महागात पडते. जवळपास ध्रुवीभवन मोजणारा लिडार चालू असेल तर उड्डाणाची वेळ त्याच्याशी जुळवून घ्या. सॉन्डची घन-द्रवाची उणीव त्याने बरीच भरून निघते.

दोन्ही यंत्रं हाताशी असतील तर एकाच दोरीवर टांगा, फक्त सॉन्डच्या झोतासमोर काउंटरचा पांढरा डबा येणार नाही असं बघा. दोरी लांब ठेवा, म्हणजे फुग्याने सोबत आणलेली जमिनीवरची दमट हवा यंत्रांपाशी पोहोचणार नाही. आणि काउंटरच्या डब्यात आणखी दोन तापमापक बसवा, एक पंपाला चिकटून, एक नळीत झोताच्या अगदी आधी. पंपाचे फेरेही सेकंदागणिक नोंदवा. ढगाच्या गाभ्यात संख्या घटलेली दिसली, तर निदान कुणावर संशय घ्यायचा ते कळेल.